आमची ऑनलाइन अडत

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हिशेबाची वही पाटावर मांडतात; ती चारचौघांत वाचून दाखवीत नाहीत, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. ते योग्यच आहे. तथापि या सदरातून मी वाचकांना आजवर घरातल्या इतक्या गोष्टी सांगून चुकलो आहे की, आता वही तेवढी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय यंदा जमेच्या बाजूला जे एक नवे खाते उघडले गेले, त्याचे नाव वाचून आमच्या मातोश्रींनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिले. ते नाव होते ‘दुवे’.

मातोश्रींना ‘दुवा’ हा शब्द एकाच अर्थाने ठाऊक. दारी आलेल्याला पसाभर ज्वारी घातली की तो देतो, तो दुवा.

“दुव्यानं पोट भरते काय रे?” त्यांनी विचारले.

प्रश्न बिनतोड होता, आणि त्याचे उत्तर शोधण्यात माझे दीड वर्ष गेले.

मी यवतमाळात एका महाविद्यालयात मराठी शिकवितो. शिकवितो म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवितो. तास झाला तर पैसे, न झाला तर नाही. आणि झालेल्या तासाचे पैसे केव्हा येतील हेही एखाद्या ज्योतिषालाच विचारावे. नाकावर चाळिशी आली, वयानेही चाळिशी ओलांडली, परंतु नोकरीने मात्र ‘कायम’ हे विशेषण अद्याप धारण केलेले नाही. मे महिन्यात आमच्या गावचा पारा ४५ अंशांकडे सरकू लागतो आणि माझे उत्पन्न त्याच वेगाने शून्याकडे येते. पगारी माणसे ज्या सुट्टीची वाट पाहतात, तिची मला धास्ती वाटते.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात दत्त चौकात उसाच्या रसाच्या गाडीपाशी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी त्याला मराठीत पस्तीस गुण दिले होते, आणि तेही सढळ हाताने. आता तो घाटंजीकडे वडिलांची सहा एकर कपाशी पाहतो. मी खिशात हात घालण्याच्या आत त्याने फोन पुढे करून रसाचे पैसे चुकतेही केले. मी संकोचलो.

“राहू द्या सर. काल तीन फवारणी पंप गेले.”

“तू पंप विकतोस?”

“नाई सर. पंप कंपनी विकते. मी फक्त दाखवतो.”

दाखविण्याचे पैसे मिळतात ही गोष्ट मला नवी होती. मी इतकी वर्षे मुलांना भाषेचे सौंदर्य दाखवीत आलो; त्याचे कुणी काही दिले नव्हते. त्याने सांगितले की, तो कपाशीवर लहान लहान चित्रफिती काढतो, त्या फोनवरून लोकांना दिसतात, आणि त्याखाली पंपाचा दुवा दिलेला असतो. त्या दुव्यावर बोट ठेवून कुणी पंप घेतला, की दुकान त्याच्या खात्यात दलाली टाकते.

“सर, तुमी बी करा. तुमाले त बोलता येते.”

हे प्रमाणपत्र मला यापूर्वी कोणी दिले नव्हते. पुढच्याच रविवारी तो घरी आला. सौभाग्यवतींनी पोहे केले, मी वही-पेन घेऊन बसलो, आणि पस्तीस गुणवाल्याने एम.ए.ची शिकवणी घेतली.

इंग्रजीत या धंद्याला ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात. प्रतिशब्द शोधणे हा माझा व्यवसायच असल्यामुळे मी तत्काळ ‘संलग्न विपणन’ असे सुचविले. विद्यार्थ्याने पोह्यांचा घास घेता घेता माझ्याकडे दयार्द्र दृष्टीने पाहिले. “अडत म्हना ना सर,” तो म्हणाला. कापसाच्या बाजारात ज्याने गाडी पाहिली आहे त्याला यापुढे काही सांगावे लागत नाही. माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा, आणि दोघांची गाठ घालून देणाऱ्या अडत्याचा शेकडा ठरलेला.

मला मात्र आठवली ती माझी थोरली आत्या. ती दारव्ह्याला पोस्टाच्या आवर्त ठेवीची एजंट होती. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना असे त्या कामाचे भारदस्त नाव. शंभर रुपये गोळा करून पोस्टात भरले की चार रुपये तिचे. पायात स्लीपर, काखेत रेक्झिनची पिशवी, आणि गावातल्या दोनशे घरांची चूल तिला ठाऊक. कुणाच्या मुलीचे लग्न किती वर्षांवर आले आहे हे मनात धरून ती ठेव किती रुपयांची काढायची ते सांगे. लोक ठेव पोस्टात ठेवीत, पण विश्वास आत्यावर ठेवीत. आमच्या नव्या अडतीत आत्याच्या पिशवीची जागा दुव्याने घेतली आहे, एवढाच काय तो फरक, असे मला त्या रविवारी वाटले होते.

ही कल्पना तशी जुनीच आहे. ॲमेझॉन नावाचे अमेरिकन दुकान जेव्हा फक्त पुस्तके विकीत असे, तेव्हा १९९६ साली त्याने ही योजना काढली. तुमच्या पानावर आमच्या पुस्तकाची शिफारस करा. तुमच्याकडून आलेल्या गिऱ्हाइकाने खरेदी केली तर तुमचा वाटा तुम्हाला. भारतात हे दुकान २०१३ मध्ये आले. प्रत्येक अडत्याच्या दुव्याला एक खुणेचे शेपूट जोडलेले असते, आणि त्या शेपटावरून दुकान ओळखते की हे गिऱ्हाईक अमक्याने पाठविले. ही ओळख फार काळ टिकत नाही; त्या दुकानात साधारण चोवीस तास. आज बोट ठेवले आणि परवा विकत घेतले, तर तुमचा त्या खरेदीशी काही संबंध नाही. मात्र त्या मुदतीत आत शिरलेल्या माणसाने तुम्ही सांगितलेली वस्तू न घेता भलतीच घेतली, तरी बहुधा दलाली मिळते. माझ्या व्याकरणाच्या पुस्तकाच्या दुव्यावरून आत गेलेल्या एका सद्गृहस्थाने, की सद्गृहिणीने, बिडाची कढई घेतली. नाम, सर्वनाम, विशेषण आणि कढई. माझी हरकत नव्हती. शेकडा वस्तूप्रमाणे बदलतो: कशावर एक-दोन, कशावर आठ-नऊ. आणि आपल्याच दुव्यावरून आपण खरेदी केली तर बहुतेक दुकाने छदामही देत नाहीत, हे मी घरच्या मिक्सरच्या वेळी शिकलो.

याच सुमारास शेजारच्या चिरंजीवांनीही ही विद्या शिकायला घेतली होती. त्यांनी साडेसात हजार रुपये भरून रीतसर अभ्यासक्रम घेतला. त्यात दहा पाठ होते. पहिल्या सातांत ‘स्वप्ने मोठी पाहा’ एवढेच निरनिराळ्या तऱ्हांनी सांगितले होते आणि उरलेल्या तिनांत हाच अभ्यासक्रम दुसऱ्याला कसा विकावा ते. म्हणजे कीर्तनकाराने उभे राहून कीर्तनाला माणसे कशी जमवावीत एवढ्यावरच कीर्तन संपवावे, तसला प्रकार. मी चिरंजीवांना अंगणात खडूने हिशेब करून दाखविला. एकाने दोघांना ओढायचे, त्या दोघांनी चौघांना. बाविसाव्या पायरीपर्यंत एकूण एकेचाळीस लाखांहून अधिक माणसे लागतात, आणि २०११ च्या जनगणनेत आपला सबंध यवतमाळ जिल्हा, तान्ह्या मुलांसकट, पावणेअठ्ठावीस लाखांच्या आसपास होता. अशा साखळ्यांना १९७८ च्या कायद्याने बंदी आहे आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनीही आहे. चिरंजीव म्हणाले, “काका, मी फक्त तिसऱ्या पायरीवर आहे.” गणिताचा असा उपयोग मी पूर्वी पाहिला नव्हता.

माझ्या विद्यार्थ्याने मला दोन वाटा सांगितल्या होत्या. एक पैशाची, एक पायांची. पैशाची वाट म्हणजे भोंगा लावलेला ऑटो: पैसे मोजा, तो गावभर ओरडेल. पायांची वाट म्हणजे आत्या. “सर, पयले पायानं चाला,” तो म्हणाला होता. पण जूनच्या आत चार पैसे दिसावेत अशी मला घाई. मी ऑटो केला.

पुस्तकांवर शेकडा कमी, म्हणून मी वाचनाचा दिवा निवडला. किंमत ६४९ रुपये, दलाली सहा टक्के, म्हणजे दिव्यामागे ३९ रुपये. थेट दुकानाचा दुवा जाहिरातीत घालायला पुष्कळ दुकानांची मनाई असते, म्हणून आधी एक स्वतःचे पान तयार केले, त्यावर दिव्याचे वर्णन लिहिले. (वर्णन चांगले होते. संध्याकाळ, खिडकी, पाऊस, सर्व काही होते.) मग समाजमाध्यमाच्या कंपनीला तीन दिवसांचे दीड हजार रुपये भरले, त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, एकूण १७७० रुपये. तीन दिवस मी दर अर्ध्या तासाने फोन पाहत होतो. ४१२ माणसांनी बोट ठेवले. घरात मी हा आकडा मोठ्याने वाचून दाखविला, कारण माझ्या कोणत्याही व्याख्यानाला ४१२ माणसे आली नव्हती. दिवे गेले तीन. त्यांतला एक परत आला, आणि परत आलेल्या मालावर दलाली नसते. हाती आले ७८ रुपये.

हे असे का झाले, याचा उलगडा विद्यार्थ्याने बांधावर बसल्या बसल्या फोनवरून केला, आणि तो कुणाही होतकरू अडत्याने कागदावर उतरवून ठेवण्याजोगा आहे. १७७० ला ४१२ ने भागा. एकेक बोट मला सव्वाचार रुपयांच्या वर पडले. दिव्यामागे ३९ रुपये सुटायचे, म्हणजे नुसती तोंडमिळवणी व्हायला नवांतल्या एकाने दिवा घ्यायला हवा होता. मला मिळाला एकशे सदतिसांत एक. नवांतला एक तर दुकानात समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांतही मिळत नाही! दुसरी गोष्ट याहून मजेची. जाहिरात दाखविणारे यंत्र शिकत असते. कोणी खरेदी केली हे त्याला कळले, तर ते तशीच माणसे धुंडाळते. पण खरेदी झाली परक्या दुकानात, आणि तिथली बातमी माझ्या यंत्राला कोण देणार? त्याला एवढेच कळे की अमक्याने बोट ठेवले. म्हणून त्याने इमानेइतबारे मला बोट ठेवणारी माणसे शोधून दिली. अशी माणसे जगात पुष्कळ आहेत. ती रात्री झोप येत नाही म्हणून बोट ठेवतात. स्वतःचा माल, स्वतःचे दुकान आणि नगामागे चांगली पाच-सातशेची सुटका असलेल्याने ऑटो करावा. एकोणचाळीस रुपयेवाल्याने चालावे, हा धडा मला १६९२ रुपयांना पडला. आमच्याकडे तेवढ्यात महिन्याचा किराणा अर्धा येतो.

मग मी चालू लागलो. चालताना मला एका जुन्या मासिकाचा फार आधार वाटला, आणि मराठीच्या मास्तराला तो वाटावा हे स्वाभाविक आहे. किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली ती कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांना व्हावी म्हणून. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले नांगर कित्येक दिवस कुणी हातात धरीना. शंकरराव किर्लोस्करांनी त्या पत्रिकेत नांगराबरोबर माणसांना वाचावेसे वाटेल असे काहीबाही घालायला सुरुवात केली, आणि बघता बघता काहीबाहीच मुख्य झाले. पुढे तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० साली ‘स्त्री’ निघाले, आणि आपल्या आज्या-पणज्या ते वाचून शहाण्या झाल्या. आज ज्याला ही मुले ‘ऑरगॅनिक’ म्हणतात, ते शंकररावांनी शंभर वर्षांपूर्वी करून ठेवले होते. नांगर खपला तो खपलाच. (ज्या अंकात वाचक हे वाचीत आहेत, त्याच्याही पुढच्या-मागच्या पानांवर साबण आणि सोनार आहेत. त्यांच्या जिवावर माझे हे पान निघते. मी त्यांना नावे ठेवणार नाही.)

माझ्याजवळ नांगर नव्हता, व्याकरण होते. आपल्याकडे तलाठी, पोलीस, जिल्हा परिषद असल्या कोणत्याही भरतीच्या परीक्षेत मराठी व्याकरणाचे प्रश्न असतात, आणि यवतमाळातली प्रत्येक अभ्यासिका अशा मुलामुलींनी भरलेली असते. मी फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवून समासावर बोललो. पाहणारे अकरा निघाले, त्यांपैकी चार आमच्याच घरातले. दुसऱ्या आठवड्यात चौदा. तीन महिने असेच गेले. मग एके दिवशी मी दीड मिनिटात सांगितले की, मराठीत शब्दाच्या अखेरचा इकार दीर्घ असतो, म्हणून ‘पाणी’ दीर्घ. ‘आणि’ आणि ‘नि’ ही अव्यये मात्र ऱ्हस्व राहतात. काय कारण झाले देवाला ठाऊक, ती फीत चाळीस हजार लोकांनी पाहिली. इतकी वर्षे मी हेच फळ्यावर लिहीत होतो! ‘अर्ज कसा लिहावा’ ही फीत त्याच्याही पुढे गेली. खाली प्रश्न येऊ लागले, मी रात्री जेवण झाल्यावर बसून एकेकाचे उत्तर देऊ लागलो, आणि पुस्तक कोणते घ्यावे असे विचारणाऱ्यांना मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ सांगून त्याचा दुवा देऊ लागलो. पहिली दलाली साडेसतरा रुपये आली. मातोश्रींनी त्याचे पेढे मागविले, ते पन्नासाचे आले.

विद्यार्थ्याची एक अट होती. दुवा देण्यापूर्वी बोलून दाखवायचे की यात मला पैसे मिळतात. तो स्वतः तसेच करतो: “हा पंप मी दोन वर्सं वापरला, घेतला त मले थोडे पैसे भेटते, नाई घेतला त काई बिघडत नाई.” मला हे सांगताना जीभ अडखळे. मास्तराने पैशाचे नाव काढायचे म्हणजे काहीतरीच. मी दुव्याखाली बारीक इंग्रजी अक्षरांत एक खूण टाकीत असे. नियम तसे नाहीत. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्की या संस्थेने २०२१ साली आणि केंद्राच्या ग्राहक विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सांगून ठेवले आहे की, पैसे घेऊन केलेली शिफारस सहज दिसेल अशी, साध्या शब्दांत आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत उघड करावी. मी हे वाचले होते. वाचूनही इंग्रजी खुणेवर भागविले.

त्यानंतरचे सांगताना मी वही थोडी लपवावी असे मलाही वाटते.

गेल्या जानेवारीत एका संस्थेचा निरोप आला. भरतीच्या परीक्षेचा संपूर्ण अभ्यासक्रम, फोनवर, किंमत ४,९९९. माझ्या दुव्यावरून जो प्रवेश घेईल त्याच्यामागे मला तीस टक्के, म्हणजे दीड हजार. वाळंब्यांच्या पुस्तकावर मला जे सुटे, त्याच्या मानाने हा सुवर्णयोगच. मी दोन पाठ वरवर पाहिले. त्यांतला माणूस सुटाबुटातला होता, फळा रंगीत होता. दुसऱ्या दिवशी मी दुवा टाकला आणि म्हणालो, “मुलांनो, सोय चांगली दिसते.” ‘दिसते’ या क्रियापदाच्या आड मी उभा होतो, हे माझे मला ठाऊक. अकरा जणांनी प्रवेश घेतला. सुमारे साडेसोळा हजार रुपये! माझा तासांचा महिना एवढा कधी भरला नव्हता. मुलीच्या अकरावीच्या शिकवणीचा हप्ता आम्ही त्यातून भरला. त्या दिवशी सौभाग्यवतींनी शिरा केला होता.

मार्चमध्ये आर्णीकडच्या एका मुलीचा निरोप आला. तिने मला दोष दिला नव्हता, शंका विचारली होती. ‘सर, त्या अभ्यासक्रमात “पंचवटी” हा बहुव्रीही सांगितला आहे. तुम्ही तर द्विगू शिकवला होता. परीक्षेत कोणता लिहू?’ आणि शेवटी, सहज लिहावे तसे: ‘आईने वेचणीचे पैसे भरले म्हणून विचारते.’

मी त्या रात्री तो अभ्यासक्रम पहिल्यापासून पाहिला. मराठीच्या भागात पहिल्या वीस पाठांत एकतीस चुका निघाल्या. मी त्या लाल पेनाने मोजल्या, सवय म्हणून. पुढचे बारा पाठ नव्हतेच. ‘लवकरच येत आहे’ अशी पाटी होती. वेचणीचे पैसे किलोमागे मिळतात. दीड हजार रुपये म्हणजे किती किलो कापूस, आणि पाच हजार म्हणजे किती, हा हिशेब यवतमाळच्या माणसाला करावा लागत नाही. तो आपोआप होतो.

सकाळी मी विद्यार्थ्याला फोन केला. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, “सर, तुमाले सांगतलं नाई कधी. मले औषधाचे दुवे रोज येते. पंधरा टक्के, वीस टक्के. मी नाई देत.” आणि त्याने आपल्या काकाची हकीकत सांगितली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो माणसे रुग्णालयात होती. सरकारने चौकशीला पथक नेमले. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी झाली होती, फवारा तोंडावर उलटे, आणि अंगावर सदऱ्यापलीकडे काही नसे. त्याचे काका वाचले, पण डाव्या डोळ्याने त्यांना आता नीट दिसत नाही. दुकानात कोणते औषध द्यायचे ते काकांनी विचारले, आणि दुकानदाराने तीन बाटल्या एकत्र करायला सांगितल्या. “काकाले वाटलं तो डॉक्टर हाये. तो त दुकानदार होता ना सर. त्या तिसऱ्या बाटलीवर त्याले काई भेटत होतं का नाई, मले मालूम नाई. काकाले बी मालूम नोतं. इचाराचं असते हेच त्याले मालूम नोतं.”

मी फोन ठेवला. पोस्टाच्या ठेवीमागे आत्याला चार टक्के मिळतात, हे दारव्ह्याच्या दोनशे घरांना ठाऊक होते. ती सांगत असे. “माझे चार रुपये त्यातूनच येतात, काळजी नको,” असे हसून सांगत असे, आणि पुस्तकावर पोस्टाचा शिक्का दाखवीत असे. मला ती आठवण सोयीच्या अर्ध्यावर येऊन थांबली होती.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही मी त्याच दिवशी वाचला. खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या शिफारशीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि वर्षभर शिफारशीची बंदी. मात्र त्याने आधी नीट तपासून पाहिले असेल तर सुटका. ‘तपासून पाहिले असेल तर’ हे शब्द मी दोनदा वाचले. माझ्या हिशेबी ती तपासणी दोन पाठांची होती, तीही सुटाबुटाची.

सौभाग्यवतींना सांगायला मला संध्याकाळ लागली. त्या गप्प बसून राहिल्या. शिकवणीचा दुसरा हप्ता जूनमध्ये होता.

“परत करा,” त्या म्हणाल्या. “मुलीच्या शिकवणीच्या सरांशी मी बोलते.” आणि थोड्या वेळाने, भांडी आवरता आवरता: “अहो, पण तुम्ही आधी पाहायचं नाही का हो?” यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते.

परत करणे सोपे नसते. दुव्याच्या हिशेबात अडत्याला आकडे दिसतात, माणसे दिसत नाहीत. कोण अकरा जण, हे मला ठाऊकच नव्हते. मी फोन पुन्हा पुस्तकांच्या चळतीवर टेकविला आणि मराठीत, मोठ्याने सांगितले की, त्या अभ्यासक्रमाचे मला प्रत्येकामागे दीड हजार मिळाले, मी तो नीट पाहिला नव्हता, आणि माझ्या दुव्यावरून ज्यांनी घेतला त्यांनी पावती पाठवावी. ती फीत फार लोकांनी पाहिली नाही. पावत्या सात आल्या. प्रत्येकाला दीड हजार पाठविले; त्यासाठी आमच्या आवर्त ठेवीत हात घालावा लागला. उरलेल्या चौघांचे सहा हजार एका पाकिटात वेगळे ठेवले आहेत. ते कपाटात, मातोश्रींच्या पोथीखाली आहे. मे महिन्यात ते पाकीट दोनदा बाहेर निघाले आणि दोनदा आत गेले.

दुवे आजही देतो. पुस्तकांचे, आणि आधी सांगून. सरासरी महिन्याला हजार-बाराशे सुटतात. वहीत तेच लिहिले आहे. मातोश्रींना मी म्हटले, “पोट भरत नाही, पण चहा-साखर निघते.” त्यांना ते पटले.

आर्णीकडच्या त्या मुलीला पैसे पाठविल्यावर तिचे उत्तर आले होते. मोजून दोन ओळींचे, शुद्धलेखन निर्दोष. ‘सर, दीड हजार मिळाले. आईला सांगितले. उरलेल्या साडेतीन हजारांचे काय करायचे?’

ते संस्थेकडे आहेत. मी दोन पत्रे पाठविली, त्यांना उत्तर नाही. ग्राहकांच्या १९१५ या सरकारी क्रमांकावर तिच्याकडून तक्रार नोंदवून घेतली आहे, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे ठरते आहे; पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तिथे शुल्क पडत नाही. अर्ज तिनेच लिहिला. माझी ती फीत पाहून लिहिला, असे तिने कळविले आहे. दिवाळीची सुट्टी लागली तसा तो माझ्याकडे तपासायला आला. मी लाल पेन घेऊन बसलो होतो; खाडाखोड करण्यासारखे एकच ठिकाण सापडले. ‘सदर अभ्यासक्रम मी एका जाहिरातीवरून घेतला’ असे तिने लिहिले होते. तिथे मी ‘जाहिरातीवरून’ हा शब्द खोडून माझे नाव, हुद्दा आणि पत्ता घातला, आणि अर्ज तिला परत पाठविला.